गाडी मागून बसते तेव्हा

०

अलास्कातला मोठा नर मूस, म्हणजे तिथले थोराड हरीण, ७०० किलोच्या वर भरतो. तिथल्या मत्स्य आणि वन्यजीव विभागाचा ढोबळ हिशेब असा : १,६०० पौंडांचा, म्हणजे साधारण ७२५ किलोंचा नर असेल तर हाती येणारे मांस ५०० पौंड, सव्वादोनशे किलोंच्या आसपास. खाण्याजोगे मांस रानात टाकून येणे हा तिथे गुन्हा आहे. शिकार केली की ते सगळे बाहेर आणायचे, आणि बहुतेक वेळा जिथून आणायचे तिथे रस्ता नसतो. दलदल, गवताचे उंचवटे, गोल दगडांचे ओढे. हे काम करते चार फुगीर चाकांची एटीव्ही. तिच्या मागच्या रॅकची मर्यादा मध्यम आकाराच्या गाडीत ८० किलोंच्या आसपास असते. एकेक मागचा फरा ४५ किलोंहून जड असू शकतो, म्हणजे दोन फरे ठेवले की रॅक भरला.

मागच्या स्प्रिंगा बदलून घ्याव्यात, हा विचार अशाच ठिकाणी जन्म घेतो. विचार योग्य आहे. फक्त त्यातून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे आधी पक्के कळले पाहिजे. ही टिपणे त्यासाठी.

०

एक हिशेब. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर १२८ सेंटिमीटर धरू, या वर्गातल्या गाडीला ते साधारण एवढेच असते. रॅकवर १०० किलो ओझे ठेवले आणि त्याचा मध्य मागच्या आसाच्या २० सेंटिमीटर मागे आला. मग मागच्या चाकांवर १०० नव्हे, ११६ किलो वाढतात. हे वरचे १६ किलो पुढच्या चाकांवरून उचलले गेलेले असतात.

बैलगाडीत ओझे मागे जास्त झाले की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते. एटीव्हीतही तरफ तीच. इथे उचलले जाते ते हँडल. वळवलेले पुढचे चाक जमिनीला धरतच नाही, घसरत सरळ जाते. मागून गाडी बसलेली डोळ्यांना दिसते, पुढून हलकी झालेली दिसत नाही. चढावर ती कळते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून पहिली दुरुस्ती बिनखर्चाची. ओझे जितके पुढे सरकवता येईल तितके सरकवा, जड वस्तू खाली आणि आसाजवळ. थोडे पुढच्या रॅकवर न्या.

०

स्प्रिंग ओझे पेलण्यासाठी असते, हे अर्धेच खरे. ओझे नुसता लोखंडी दांडाही पेलेल. चाकाला खड्ड्यात उतरता यावे आणि दगडावर चढता यावे, आणि सारा वेळ ते जमिनीला चिकटून राहावे, यासाठी स्प्रिंग असते. चाकाला वरखाली जायला किती जागा उरली आहे, हा सस्पेन्शनमधला मुख्य प्रश्न. बाकी सगळे त्याचे पोटप्रश्न.

मागच्या चाकाचा एकूण प्रवास २४० मिलिमीटर धरा. त्यातले ८० गाडी आणि चालक बसताच खर्च होतात. मघाच्या हिशेबातल्या ओझ्याने आणखी ५३ घेतले. खड्ड्यासाठी उरले १०७. ओझे दीडपट करा, उरतील ८०. उरलेली जागा संपली की रबरी बफर आपटतो, आणि त्यानंतरचा प्रत्येक धक्का सरळ चौकटीला, वेल्डिंगला, बेअरिंगला.

०

सुरुवातीला या गाड्यांना सस्पेन्शनच नव्हते. होंडाने १९७० मध्ये तीन चाकांची गाडी आणली, तिला स्प्रिंगा नव्हत्या. अगदी कमी हवेचे फुगे टायर हेच तिचे सस्पेन्शन. चार चाकांची गाडी सुझुकीने १९८२ च्या सुमारास बाजारात आणली. तीनचाकी गाड्यांच्या अपघातांनंतर अमेरिकेत १९८८ मध्ये सरकार आणि उत्पादक यांच्यात न्यायालयीन तडजोड झाली आणि नव्या तीनचाकींची विक्री थांबली. मागच्या दोन चाकांना वेगवेगळे हलू देणारे सस्पेन्शन कामाच्या एटीव्हीत रुळले ते नव्वदच्या दशकाच्या मध्यानंतर.

या क्रमातून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. टायर आजही स्प्रिंगच आहे. एटीव्हीच्या टायरात हवा साधारण ५ पीएसआय, मोटारीच्या टायरात तिशीच्या आसपास. त्यामुळे वर कितीही कडक स्प्रिंग घाला, खाली एक मऊ स्प्रिंग शिल्लक राहतेच, आणि तिला आवरणारा शॉकअप नसतो. ओझे घेऊन गाडी डुलते त्यातले बरेचसे डुलणे टायरांचे असते. ओझ्यासाठी किती हवा, हे त्या गाडीच्या पुस्तिकेत पाहून आधी तेवढी भरावी. मग स्प्रिंगांकडे वळावे.

०

शॉकअपच्या बुडाशी खाचांची कडी असते, बहुतेक गाड्यांना पाच पायऱ्यांची. पान्याने फिरवली की मागची बाजू वर येते. लोक म्हणतात, स्प्रिंग कडक केली.

स्प्रिंग होती तेवढीच कडक राहते. कडी तिला आधीच थोडी दाबून ठेवते. त्यामुळे गाडीची उंची वाढते, पण दर मिलिमीटरला लागणारे बळ तेच. रॉबर्ट हुकने १६७८ मध्ये मांडलेला नियम आजही या कडीला लागू आहे : ताण जितका, बळ तितके. आधी दाबलेली स्प्रिंगसुद्धा त्याच चढाच्या रेषेवर पुढे चालते.

तरीही ही कडी उपयोगाची आहे. थोडे ओझे, थोडा काळ, तेवढ्यापुरते ती पुरते. रिकाम्या गाडीला मात्र ती शेवटच्या पायरीवर ठेवू नये. चाकाला खाली उतरायला जागाच राहत नाही, आणि खड्ड्यावरून जाताना मागचे चाक हवेत लटकते.

०

गुंडाळलेल्या स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातावर ठरतो. १० मिलिमीटरची तार ११ ची केली, तर डोळ्यांना फरक दिसायचा नाही, आणि स्प्रिंग मात्र ४६ टक्के अधिक कडक झालेली असते. वेटोळ्याचा व्यास वाढवला तर तिसऱ्या घाताने मऊ. वेटोळी कमी केली तर त्या प्रमाणात कडक, १० ची ९ केली की ११ टक्के.

याचा व्यवहारातला अर्थ : नजरेने स्प्रिंग निवडता येत नाही. ‘थोडी जाड’ म्हणून आणलेली स्प्रिंग दीडपट निघू शकते. विकणाऱ्याकडून आकडा मागावा, एका मिलिमीटरला किती न्यूटन किंवा एका इंचाला किती पौंड. आकडा देता येत नसेल तर ती स्प्रिंग घेऊ नये.

आणि वेटोळे कापून स्प्रिंग ‘कडक’ करू नये. ती कडक होते हे खरे, पण आखूडही होते. गाडी आणखी खाली बसते आणि कापलेले टोक आपल्या बैठकीत नीट टेकत नाही.

०

शॉकअप चाकाला थेट जोडलेला नसतो. तो आडव्या भुजेवर मध्येच कुठेतरी टेकतो. चाक १० मिलिमीटर उचलले तेव्हा शॉकअप ६ दबला, तर हे प्रमाण ०.६. चाकापाशी जाणवणारा कडकपणा त्याच्या वर्गाने कमी होतो, ०.३६ पट. म्हणजे स्प्रिंगवर ३० न्यूटन लिहिलेले असले तरी चाकापाशी मिळतात फक्त १०.८. वर ओझ्याने ५३ मिलिमीटर खाल्ले म्हटले ते याच आकड्यावरून : ११६ किलोंचे अर्धे एका चाकावर, ते न्यूटनमध्ये करून भागिले १०.८. हेच ओझे ४६ टक्के कडक स्प्रिंगवर ठेवले तर ५३ च्या जागी ३६.

एका गाडीला छान बसलेली स्प्रिंग दुसरीला चुकीची ठरते ती या वर्गामुळे. शेजाऱ्याची स्प्रिंग आपल्या मापाला बसली, एवढ्यावर ती आपल्या ओझ्याला बसली असे होत नाही.

पुणे, नाशिक, कोल्हापूरकडची अभियांत्रिकीची मुले ‘बाहा एसएई इंडिया’साठी स्वतःच्या एटीव्ही बांधतात. ही स्पर्धा भारतात २००७ पासून होते. ती मुले हे प्रमाण हाताने मोजतात. चाक जॅकवर घेऊन दर १० मिलिमीटरला शॉकअपची लांबी टिपायची. फार साधे काम आहे. कोणत्याही शेतकऱ्याला ते आपल्या गोठ्यापुढे एका दुपारी करता येईल, आणि स्प्रिंगवर पैसे टाकण्याआधी त्याने ते करावेच.

०

स्प्रिंग बदलली आणि शॉकअप जुनाच ठेवला, तर काम अर्धे राहिले.

स्प्रिंग धक्का साठवते आणि परत देते. परत दिलेला धक्का आवरणे हे शॉकअपमधल्या तेलाचे काम. स्प्रिंग ४६ टक्के कडक झाली की तेवढ्याच वजनाची उसळी तितक्याच झोक्यांत शांत करायला तेलाचा अडथळा २१ टक्के जास्त लागतो. तो नसेल तर रिकामी गाडी घोड्यासारखी मागून उसळते, आणि भरलेली गाडी एका खड्ड्यानंतर दोन-तीन वेळा डोलते. डोलण्याच्या मध्येच दुसरा खड्डा आला की चालकाच्या हातात काही राहत नाही.

परतीची उसळी कमीजास्त आवरण्याची सोय असलेला, उघडून तेल आणि वायू बदलता येणारा शॉकअप महाग असतो. पण स्प्रिंग आणि शॉकअप ही एकच खरेदी आहे, असे धरूनच बजेट करावे.

०

न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या डोंगराळ कुरणांत एटीव्हीच्या मागे तणनाशकाची टाकी असते. १०० लिटरची टाकी म्हणजे निघताना पाण्याचेच १०० किलो, परतताना शून्य. रॅक तेवढे घेईल अशी गाडी असली, तरी मधल्या प्रत्येक क्षणी ओझे वेगळे.

जड ओझे वाहणाऱ्या प्रत्येक सस्पेन्शनचा खरा पेच इथे आहे. भरलेल्या टाकीला साजेशी स्प्रिंग रिकाम्या गाडीला दगडासारखी. रिकामी मागची बाजू हलकी, तिला कडक स्प्रिंग दाबतच नाही, चाक उडते आणि ओल्या गवतावर पकड सुटते. रिकाम्याला साजेशी स्प्रिंग घातली तर भरल्यावर गाडी बसते.

अर्धी टाकी सर्वांत वाईट. पाणी एका बाजूला धावते तेव्हा गाडीचे वजनही तिकडे धावते, आणि तेही उतारावर, जिथे नको तिथे. आत आडपडदे असलेलीच टाकी घ्यावी.

०

या पेचावर माणसांनी काढलेली उत्तरे मोठी सुंदर आहेत.

पहिले, दोन स्प्रिंगा एकावर एक. २० आणि ३० न्यूटनच्या दोन स्प्रिंगा एका ओळीत लावल्या की मिळून १२ च्या होतात, म्हणजे मऊ. ओझे वाढले की वरची मऊ स्प्रिंग एका कड्यावर टेकून थांबते, पुढचे सगळे ३० ची स्प्रिंग घेते. रिकाम्याला मऊ, भरल्याला कडक. कडी कुठे ठेवायची यावर सगळे अवलंबून, आणि ती जागा त्या गाडीच्या ओझ्यावरून ठरते.

दुसरे, हवा. हवा जसजशी दाबावी तसतशी कडक होत जाते, आणि पंपाने तिचा दाब ओझ्याप्रमाणे बदलता येतो. भरताना हवा भरा, रिकामे झाल्यावर सोडा. हवेच्या शॉकअपची काळजी मात्र जास्त. रबर काट्याने फाटले की मागची बाजू एकदम खाली.

तिसरे, स्वतःच उंची सांभाळणारे. सिट्रोएनने १९५४ मध्ये आपल्या एका गाडीच्या मागच्या चाकांना तेल आणि वायूचे सस्पेन्शन दिले, पुढच्याच वर्षी डीएस या गाडीच्या चारी चाकांना. डिकीत कितीही सामान टाका, गाडी पुन्हा आपल्या उंचीवर. नंतर साक्सच्या ‘निवोमॅट’ शॉकअपने हेच काम वेगळ्या रीतीने केले. रस्त्याच्या धक्क्यांनीच आतला पंप चालतो आणि थोडे अंतर गेल्यावर गाडी सरळ उभी राहते, बाहेरून वायर नाही की नळी नाही.

त्याच सिट्रोएनच्या ‘टू सीव्ही’बद्दल सांगतात की, तिच्या आखणीची अट होती : चार माणसे आणि ५० किलो शेतमाल घेऊन गाडी जावी, आणि नांगरलेल्या शेतातून नेताना टोपलीतले अंडे फुटू नये. शेतकऱ्याच्या ओझ्याकडे इतक्या आदराने पाहून केलेली आखणी विरळा.

०

मोठी गोष्ट आता.

गाडी मागून बसते ही तिची तक्रार असते. ओझे जास्त झाले, ते मागे पडले, पुढची चाके सुटत आली, हे सगळे ती एका मुद्रेतून सांगते. कडक स्प्रिंग घातली की ती मुद्रा नाहीशी होते. गाडी १५० किलो घेऊनही रिकामीसारखी सरळ उभी राहते. पण ब्रेक तेवढेच, आसाची जाडी तेवढीच, रॅकचे वेल्डिंग, चाकाचे बेअरिंग, टायरची ताकद सगळे तेवढेच. स्प्रिंगने यातले काहीही वाढवलेले नसते.

म्हणून स्प्रिंग बदलण्याचे एकच न्याय्य कारण मला दिसते. कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या आतले ओझे रोज वाहायचे आहे, आणि त्या ओझ्याखालीही चाकांना हलायला जागा हवी आहे. मर्यादेपलीकडचे ओझे पेलण्यासाठी म्हणून बदललेली स्प्रिंग गाडीचे तोंड बंद करते.

०

उलटण्याचा हिशेब. मोजणीपुरते धरलेले आकडे : गाडी ३२० किलो, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ४५ सेंटिमीटर, चालक ८० किलो, त्याचा १०५. दोघांचा मिळून ५७ सेंटिमीटर. चाकांमधली निम्मी रुंदी ४६. कागदावर ही गाडी ३९ अंशांच्या आडव्या उतारापर्यंत उभी राहते. रॅकवर ८० किलो आले, त्यांचा मध्यही १०५ वर. गुरुत्वमध्य ६५ झाला, कोन ३५. आता उंच स्प्रिंग घालून सगळे ४ सेंटिमीटर वर उचलले, कोन ३४ च्या खाली.

प्रत्यक्षात टायर दबतात, स्प्रिंग एका बाजूला झुकते, चाक दगडावर चढते. त्यामुळे खरा कोन याहून बराच कमी. ओझ्याने चार अंश नेले, उंचीने आणखी सुमारे दीड. ते परत मिळत नाहीत. गाडी उंच न करता तिची मूळ उंची राखणारी स्प्रिंग घ्यावी, ती एवढ्यासाठी.

ऑस्ट्रेलियाने २०१९ मध्ये या गाड्यांसाठी सुरक्षेचे सक्तीचे नियम केले. ऑक्टोबर २०२१ पासून कामाच्या नव्या गाडीला आडव्या स्थिरतेची किमान पातळी गाठावी लागते आणि उलटल्यास चालकाला चिरडण्यापासून वाचवणारी चौकट लागते. काही मोठ्या उत्पादकांनी तो बाजार सोडला. शेतावर माणसे मरत होती, आणि नियम त्यासाठी होता. तो योग्यच होता.

०

आपल्याकडे मागची बाजू कडक करण्याचे हेच काम पिकअपला होते. कांद्याचा हंगाम आला की मागच्या पाट्यांत एखादा पाटा वाढवून घेतला जातो. पाट्याच्या जाडीचा परिणाम तिसऱ्या घाताने होतो. ८ मिलिमीटरचा पाटा १० चा केला की तो जवळजवळ दुप्पट कडक. सगळ्यांत वर थोडी फट ठेवून बसवलेला हेल्पर पाटा मात्र रिकाम्या गाडीत नुसता बसून असतो, ओझे आले की टेकतो आणि कामाला लागतो. दोन स्प्रिंगांची युक्तीच ती, पोलादाच्या पट्टीत आणलेली. पाटे जुळवून, यू-बोल्ट ताणून बसवणाऱ्या कारागिराच्या हाताला हे सगळे ठाऊक असते.

पण इथेही तेच. पाटा वाढला म्हणून पासिंगचे वजन वाढत नाही. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. दंडापेक्षा मोठा हिशेब रस्त्याचा. अमेरिकेत इलिनॉयमधल्या ओटावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून पाहिले गेले. रस्त्याची झीज आसावरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, असा निष्कर्ष निघाला. २० टक्के जादा भार, दुप्पट झीज. तो खड्डा मग सगळ्यांच्या वाट्याला येतो, सायकलवाल्याच्याही.

०

नागाव, काशीदच्या किनाऱ्यावर एटीव्ही फिरवायला मिळते. एका चालकासाठी बनवलेल्या गाडीवर मागे माणूस बसवणे म्हणजे आसामागे ६०-७० किलो ओझे टाकणे, आणि हे ओझे बांधलेले नसते, हलते. खाऱ्या पाण्याने शॉकअपचा दांडा गंजतो, गंज सील कापतो, तेल गळते. तेल गेलेला शॉकअप बाहेरून धडधाकट दिसतो. गाडीवर बसण्याआधी मागची बाजू हाताने जोरात दाबून सोडावी. एकदा वर येऊन थांबली तर ठीक. डोलत राहिली तर ती गाडी घेऊ नये, मुलांना तर बसवूच नये.

०

खूप ओझे असेल तर उत्तर ट्रेलर. मागच्या रॅकवर ८० किलो घेणारी गाडी ५००-६०० किलोंचा ट्रेलर ओढू शकते, कारण ते वजन ट्रेलरच्या चाकांवर असते आणि जमिनीजवळ असते. हुकवर साधारण दहावा हिस्सा पडू द्यावा, आणि तो रॅकच्या ओझ्यात धरावा, कारण दोन्ही मागच्या चाकांवरच येतात. हुकवर काहीच वजन पडू दिले नाही तर ट्रेलर मागून झुलायला लागतो. उतारावर ट्रेलर ढकलतो, आणि त्याला स्वतःचे ब्रेक बहुधा नसतात. म्हणून उतारावर ओझे निम्मे.

०

क्रम, पैसे कमी लागणाऱ्यापासून जास्त लागणाऱ्याकडे :

ओझे पुढे आणि खाली आणणे. टायरातली हवा. कडीची एखादी पायरी. झिजलेले बुश आणि बेअरिंग बदलणे, कारण पुष्कळदा गाडी बुश गेल्यामुळेच कलते. ट्रेलर. त्यानंतर मोजून घेतलेली स्प्रिंग, आणि तिच्याबरोबरच शॉकअप.

नवी स्प्रिंग बसली की मागच्या रॅकची जमिनीपासूनची उंची तीन वेळा मोजावी : रिकाम्या गाडीवर, चालक बसल्यावर, आणि पूर्ण ओझ्यासह. चालक आणि पूर्ण ओझे असताना निम्म्याहून थोडा कमी प्रवास उरला तरी चालेल, तिसऱ्या हिश्शाहून कमी उरता कामा नये. ते तीन आकडे आणि कंपनीने दिलेली ओझ्याची मर्यादा रंगाने रॅकवर लिहून ठेवावी. आता ओझ्याची तक्रार गाडी पूर्वीसारखी करणार नाही. म्हणून जो कोणी ती चालवायला घेईल, त्याला किल्ली देतानाच ती मर्यादा दाखवावी.